‘इंडियन हॉर्स’ आणि वाचलेली मुलं

दोन लहान मुलांना कॅनडातल्या एका कॅथलिक निवासी शाळेत आणलं जातं. एकाचं नाव लॉनी, दुसऱ्याचं सॉल. लॉनीला सांगितलं जातं की आजपासून तू आरोन. सॉलचं नाव मात्र तसंच राहतं. कारण ते बायबलमध्ये सापडतं. आरोन म्हणजे आपला हारून आणि सॉल म्हणजे आपण ज्याला तालूत म्हणतो तो बनी इस्राईलचा बादशाह. दोन्ही नावं मोठी, अदबीनं घ्यावीत अशी. पण एखाद्या पोराच्या आईबापानं ठेवलेलं नाव काढून त्याच्या जागी ती चिकटवली, की त्यांचाही हातोडा होतो.

रिचर्ड वागामीस यांच्या २०१२ साली आलेल्या ‘इंडियन हॉर्स’ या कादंबरीतला हा प्रसंग आहे. तिच्यावर त्याच नावाचा सिनेमा निघाला. दिग्दर्शक स्टीफन कॅम्पानेली. हे गृहस्थ अनेक वर्षं क्लिंट ईस्टवूडचे कॅमेरामन होते, त्यामुळे निर्मात्यांच्या यादीत ईस्टवूडचंही नाव आहे. सप्टेंबर २०१७ मध्ये टोरंटोच्या महोत्सवात तो पहिल्यांदा दाखवला गेला. वागामीस मात्र त्याच वर्षी मार्चमध्ये वारले होते. मी तो पाहिला आणि मग त्यामागचा इतिहास वाचत गेलो. वाचताना सारखं जाणवत होतं की हा मामला शाळांपेक्षा नावांचा जास्त आहे. कुणाचं नाव कुणी ठेवायचं, कुणी पुसायचं आणि मेल्यावर कुणी लिहून ठेवायचं, याचा.

‘इंडियन हॉर्स’ हे आडनावसुद्धा बघा. सॉलच्या पणजोबांनी आपल्या ओजिब्वे लोकांत पहिल्यांदा घोडा आणला. पुढे सरकारी करारासाठी माणसांची नोंद करायला कारकून आले, त्यांनी त्या घराण्याला ‘इंडियन हॉर्स’ असं लिहून टाकलं. पणजोबांचं स्वतःचं नाव आकाशाशी जोडलेलं होतं. वहीत ते उतरलंच नाही. आणि त्यातला ‘इंडियन’ तर आपल्याच देशाचा पत्ता चुकलेल्या दर्यावर्दीची देणगी! कॅनडाच्या १८७६ च्या कायद्यात तो शब्द आहे. त्या कायद्याचं नावच ‘इंडियन ॲक्ट’. आपल्याकडे ज्या राणीच्या नावानं कारभार चालत होता, तिच्याच नावानं तिथेही चालत होता.

सिनेमाची गोष्ट उत्तर ओंटारियोच्या जंगलात, १९५० च्या दशकाच्या अखेरीस सुरू होते. सॉलचं कुटुंब जंगलात लपून राहतं, कारण गोरी माणसं येऊन पोरं उचलून नेतात. थोरला भाऊ शाळेतून पळून आलाय, पण छातीत क्षय घेऊन. तो मरतो. आईबाप त्याचं प्रेत घेऊन पाद्र्याकडे जातात ते परत येत नाहीत. उरते आजी. आजीचं छत्रही जातं आणि सॉल शाळेच्या दारात येतो. तिथे ओजिब्वे बोललं की मार. मग त्याला आइस हॉकी सापडते. पहाटे सगळे झोपेत असताना तो मैदानावरचा बर्फ साफ करतो आणि घोड्याची गोठलेली लीद चकतीसारखी वापरून एकटाच सराव करतो. पोरगा असा खेळतो की बघणाऱ्याच्या तोंडून वाहवा निघावी.

इथे बॉलिवुडवर वाढलेल्या आपल्यासारख्याला वाटतं की आता हा खेळाडू होईल, मोठ्या शहरात जाईल, शेवटी झेंडा फडकेल. तसं होत नाही, आणि म्हणूनच मी या सिनेमाला मानतो. तो मोठ्या शहरात जातो. प्रेक्षक त्याला त्याच्या वंशावरून डिवचतात, वर्तमानपत्रं त्याच्या खेळाला रानटी शिकाऱ्याच्या उपमा देतात. तो मारामारीला उतरतो, खेळ सोडतो, दारूत बुडतो. आणि अगदी शेवटाकडे आपल्याला कळतं की ज्या तरुण पाद्र्यानं त्याला हॉकी दिली, जो त्या नरकातला एकुलता एक मायाळू माणूस वाटत होता, त्यानंच त्याच्या देहाशी काय केलं होतं. सॉलनं ते स्वतःपासूनही लपवून ठेवलं होतं. प्रेक्षकाला फसवण्यासाठी घातलेली ही कलाटणी नव्हे. अशा माणसाचं मन असंच चालतं.

आता इतिहास. १८७९ मध्ये निकोलस फ्लड डेव्हिन नावाच्या माणसाला सरकारनं अमेरिकेत पाठवलं. तिथे मूळनिवासींच्या मुलांसाठी घरापासून दूर ठेवणाऱ्या शाळा निघाल्या होत्या. डेव्हिननं त्या पाहून आल्यावर शिफारस केली की आपणही हेच करावं. पंतप्रधान जॉन ए. मॅकडोनाल्ड यांनी १८८३ मध्ये संसदेत कारण सांगितलं. त्याचा मथितार्थ असा, की शाळा वस्तीत असेल तर पोरगं आईबापाजवळ राहतं, आईबाप रानटी आहेत, म्हणून ते लिहायला-वाचायला शिकलं तरी रानटीच राहील, सबब त्याला आईबापापासून तोडलं पाहिजे. त्यात आडपडदा काही नव्हता.

त्याच वर्षी पश्चिमेत नव्या औद्योगिक शाळांना मंजुरी मिळाली. चालवायला दिल्या चर्चना. बहुतेक कॅथलिक, बाकी अँग्लिकन आणि इतर प्रोटेस्टंट पंथांच्या. याचं कारण फक्त धार्मिक नव्हतं. पाद्री आणि नन तुटपुंज्या पगारात राबत, म्हणून हा सौदा स्वस्त होता. १८९२ पासून सरकारनं प्रत्येक मुलामागे ठरावीक रक्कम द्यायला सुरुवात केली, आणि इथून पुढचं सगळं त्या हिशेबातून निघालं. डोकी जास्त तर पैसा जास्त. मग आजारी मुलंही भरती झाली, एका खोलीत मावतील त्याहून जास्त खाटा लागल्या, खिडक्या थंडीसाठी बंद राहिल्या. अनुदान पुरत नाही म्हणून अर्धा दिवस वर्ग आणि अर्धा दिवस शेत, गोठा, स्वयंपाकघर, धुलाई. ही अर्ध्या दिवसाची पद्धत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चालली.

१९०७ मध्ये सरकारचाच वैद्यकीय अधिकारी डॉ. पीटर ब्राइस ३५ शाळा तपासतो. १,५३७ विद्यार्थ्यांची माहिती हाती येते. त्यातले जवळपास चौथा हिस्सा मेलेले. ज्या एका शाळेची आकडेवारी पूर्ण अचूक होती, तिथल्या माजी विद्यार्थ्यांपैकी ६९ टक्के मेलेले. ब्राइस म्हणतो, हवा खेळू द्या, आजारी मुलं वेगळी ठेवा, शाळांचं आरोग्य डॉक्टरांच्या हाती द्या. सरकार ऐकत नाही. पुढे नोकरीतून बाहेर पडल्यावर १९२२ मध्ये तो स्वतः पुस्तिका काढतो आणि या प्रकाराला राष्ट्रीय गुन्हा म्हणतो. म्हणजे ‘त्या काळी कुणाला कळत नव्हतं’ हा जो युक्तिवाद सगळ्या हुकुमतींच्या बचावात येतो, तो इथे चालत नाही. कळत होतं. आकडे टेबलावर होते.

त्या टेबलामागे बसलेल्या माणसाचं नाव डंकन कॅम्पबेल स्कॉट. तो खात्याचा प्रमुख होता आणि कॅनडाचा नावाजलेला कवीही! १९२० मध्ये त्यानं कायदा दुरुस्त करून ७ ते १५ वयाच्या मुलांना शाळेत पाठवण्याची सक्ती करता येईल अशी सोय केली. मुलं न देणाऱ्या आईबापांना शिक्षा. संसदीय समितीपुढे त्यानं उद्देशही सांगितला, की एकही इंडियन वेगळा उरू नये, सगळे देशाच्या शरीरात विरघळून जावेत, म्हणजे हा प्रश्नच मिटेल आणि हे खातंही.

या काळातलं साम्राज्याचं डोकं आपल्याला परकं नाही. १८७१ मध्ये हिंदुस्थानात गुन्हेगार जमातींचा कायदा आला. पुढे १९११ च्या कायद्यात सरकारला असा अधिकार मिळाला की या जमातींच्या मुलांना आईबापापासून वेगळं काढून खास शाळांत ठेवावं. मुंबई इलाख्यात सोलापूरला तारेच्या कुंपणातली वसाहत होती. ‘सेटलमेंट’ हा शब्द तिथे अजून लोकांच्या तोंडी आहे. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला. दोन्हीकडची तपशीलवार तुलना करायला वेगळा लेख लागेल. मुद्दा एवढाच की आईबाप हाच रोग आणि पोर म्हणजे अजून न बिघडलेला माल, हा विचार लंडनच्या छायेत दोन्ही खंडांवर एकाच वेळी चालू होता.

कॅनडात अशा १३९ शाळा सरकारनं पुढे तडजोडीच्या करारात मान्य केल्या. सुमारे दीड लाख मुलं त्यांतून गेली. शेवटची शाळा बंद झाली १९९० च्या दशकात. म्हणजे आपल्याकडे केबल टीव्ही आला होता तेव्हा.

भाषेबद्दल मला थोडं थांबायचंय. माझ्या घरात दखनी बोलली जायची आणि शाळा मराठी. ‘मेरेकू’ किंवा ‘नक्को’ तोंडातून निसटलं की वर्गात हशा पिकायचा, कधी गुरुजीही हसायचे. ते लागायचं. पण पाच वाजता घंटा व्हायची आणि घरी अम्मी त्याच ‘मेरेकू’त जेवायला हाक मारायची. दिवसभरात शाळेनं काय खरवडलं ते संध्याकाळी घर भरून काढायचं. कॅनडातल्या त्या मुलांच्या दिवसाला ही संध्याकाळ नव्हती. वर्षातले साधारण दहा महिने शाळा. आईबापांना लिहिलेली पत्रं इंग्रजीत, तीही तपासून. सुट्टीत घरी गेलेल्या पोराला आजीचं बोलणं समजेना, आजीला पोराचं. मार आणि भूक यांच्याबद्दल लोक बोलतात, बोललंच पाहिजे. पण मला विचाराल तर निवासी शाळेतला सर्वात धारदार शब्द ‘निवासी’ हाच आहे.

म्हणूनच मुलं पळायची. १९६६ च्या ऑक्टोबरमध्ये केनोराच्या एका शाळेतून १२ वर्षांचा चेनी वेंजॅक पळाला. घर सुमारे ६०० किलोमीटरवर. रूळ धरून गेलं की घर येईल, एवढाच नकाशा. अंगात पातळ जाकीट आणि काचेच्या बरणीत थोड्या आगकाड्या. काही दिवसांनी त्याचं प्रेत रुळांजवळ सापडलं, थंडीनं आणि भुकेनं गेलेलं. पुढच्या वर्षी ‘मॅक्लीन्स’ या मासिकानं त्याच्यावर लेख छापला, तेव्हा कुठे देशाला खबर लागली. पण त्या लेखाच्या मथळ्यात त्याचं नाव ‘चार्ली’ होतं. शाळेतले लोक त्याला तसंच म्हणायचे. मेल्यावरही पोराला स्वतःचं नाव मिळायला बरीच वर्षं लागली.

रिचर्ड वागामीस त्याच केनोरा परिसरातले, जन्म १९५५ चा. ते स्वतः निवासी शाळेत गेले नाहीत. त्यांचे आईबाप आणि नातेवाईक गेले होते. ज्यांना लहानपणी माया मिळालीच नाही, त्यांना ती पोरांना द्यायची कशी हे माहीत नव्हतं. घर मोडलं आणि रिचर्डला सरकारनं उचलून गोऱ्या कुटुंबांत ठेवलं. शाळा ओसरत होत्या तसतशी ही दुसरी तऱ्हा वाढत होती. सोळाव्या वर्षी ते घर सोडून पळाले, रस्त्यावर राहिले, दारू, तुरुंग सगळं झालं. उबेसाठी वाचनालयांत बसायचे आणि तिथेच वाचायला लागले. आपल्या माणसांना ते परत भेटले तेव्हा विशीत होते.

मराठीत ‘वाचणं’ या एका क्रियापदाचे दोन अर्थ आहेत, हे आपण विसरून गेलोय. कॅनडात या शाळांतून बाहेर पडलेल्यांना विद्यार्थी म्हणत नाहीत, ‘सर्व्हायव्हर’ म्हणतात. त्याला मराठी शब्द शोधताना मला ‘वाचलेले’ हाच सापडतो. ज्या इमारतीत पोरांना वाचायला शिकवायचं होतं, तिथून बाहेर आलेल्यांच्या बाबतीत एकच विचारलं जातं, वाचला का?

ही माणसं कोर्टात गेली. एकेकट्यानं, मग हजारोंनी. त्यातून २००७ मध्ये तडजोडीचा करार लागू झाला. शाळेत राहिल्याबद्दल पहिल्या वर्षाचे १०,००० डॉलर, पुढच्या प्रत्येक वर्षाचे ३,०००. शरीरावरच्या अत्याचारांसाठी वेगळी सुनावणी. ११ जून २००८ ला पंतप्रधान स्टीफन हार्पर यांनी संसदेत माफी मागितली. आणि सत्य व सलोखा आयोग बसला, अध्यक्ष मरे सिंक्लेअर. हे स्वतः मूळनिवासी, मॅनिटोबाचे न्यायाधीश. आयोगानं ६,००० हून जास्त लोकांचं ऐकून घेतलं. २०१५ मध्ये अहवाल आला, ९४ शिफारशी आल्या आणि या शाळांना ‘सांस्कृतिक वंशसंहार’ म्हटलं गेलं.

सुनावण्यांची एक गोष्ट भारतीय वाचकानं ऐकावी अशी आहे. अत्याचारांचे जे जबाब बंद दाराआड झाले, त्यांचं पुढे काय करायचं यावर वाद पेटला. सरकारला ते जपायचे होते. ऑक्टोबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की १५ वर्षं ते ठेवा. तेवढ्यात ज्याला वाटेल त्यानं आपला जबाब कायम जपायला सांगावा. नाहीतर नष्ट करा. इतिहासाच्या अभ्यासकाला हे ऐकून चटका बसतो, मलाही बसला. पण ज्याचं बालपणीचं नावसुद्धा सरकारच्या वहीनं हिसकावलं, त्याला आता तरी स्वतःच्या पानावर मालकी मिळाली, असंही म्हणता येईल. मी दुसऱ्या बाजूला झुकतो.

मग २०२१ चा मे महिना. ब्रिटिश कोलंबियात कॅमलूप्सच्या जुन्या शाळेजवळ जमिनीखालचं टिपणाऱ्या रडारला सुमारे २१५ संभाव्य कबरी दिसल्याचं तिथल्या सेक्वेपेम लोकांनी जाहीर केलं. पुढे अभ्यासकांनी तो आकडा २०० वर आणला. वागामीस वारले ते याच कॅमलूप्स शहरात. देशभर लहान मुलांचे बूट पायऱ्यांवर मांडले गेले, पुतळे पडले. त्यानंतर उलटी लाटही आली. खोदकाम कुठे झालं, प्रेतं कुठे आहेत, सगळं थोतांड आहे, असं म्हणणारे उभे राहिले.

रडारला हाडं दिसत नाहीत, हललेली माती दिसते, हे खरंच आहे आणि ते लपवण्याची गरज नाही. पण वाद घालणाऱ्यांना उत्तर मातीत शोधायला नकोच, ते सरकारच्या स्वतःच्या दप्तरात पडलंय. आयोगानं २०१५ मध्येच कागदोपत्री ३,२०० मृत्यू मोजले होते. त्यातल्या जवळपास एकतृतीयांश मुलांचं नाव लिहिलेलं नाही. जवळपास निम्म्यांचं कारण नाही. सुमारे चौथ्या हिश्श्याच्या बाबतीत मुलगा होता की मुलगी, तेही नाही. प्रेत घरी पाठवायचा खर्च सरकार बहुधा देत नसे, म्हणून शाळेच्या आवारातच दफन व्हायचं. वर लाकडी क्रूस, जो काही हिवाळ्यांत कुजून जायचा. आपल्याकडे बेवारस मय्यतीलासुद्धा कफन देणारी, खांदा देणारी, तीन मुठी माती टाकणारी माणसं असतात. इथे तर वारस होते. जिवंत, दूरच्या वस्तीत वाट बघत बसलेले. कित्येकांना पोर गेल्याचं कळवलंच गेलं नाही.

जुलै २०२२ मध्ये पोप फ्रान्सिस अल्बर्टातल्या मास्क्वासिसला आले, माफी मागून गेले. परतीच्या विमानात पत्रकारांनी विचारल्यावर त्यांनी या प्रकाराला वंशसंहार म्हटलं. माफी अनेक कॅथलिकांनी केलेल्या दुष्कृत्यांबद्दल होती, संस्था म्हणून चर्चबद्दल नव्हती, अशी टीका सिंक्लेअर यांनी केली. मला ती रास्त वाटते. तशीच एक टीका ‘इंडियन हॉर्स’वरही झाली, की दिग्दर्शक आणि पटकथाकार दोघेही गोरे. तीही रास्त आहे. मात्र पडद्यावर मूळनिवासी नट आहेत, सॉलच्या तीन वयांसाठी तीन, आणि सुरुवातीच्या भागात ओजिब्वे भाषा कानावर पडते. ज्या भाषेसाठी पोरांना मार बसत होता, ती अंधाऱ्या थिएटरात शेकडो अनोळखी माणसांनी ऐकली.

३० सप्टेंबर २०१९ ला गॅटिनोच्या संग्रहालयात रक्तासारखं लाल, ५० मीटर लांब कापड लोकांनी हातांवर धरून उलगडलं. त्यावर २,८०० मुलांची नावं होती, शाळेच्या नावाखाली. दप्तरं, चर्चच्या वह्या, मृत्यूचे दाखले चाळून जमवलेली. ज्यांची नावं सापडली नाहीत, ती त्यावर नव्हती. शोध चालू राहिला आणि ती यादी आता ४,००० च्या पुढे गेली आहे.